यशवंतराव चव्हाण : जात, वर्ग आणि राष्ट्र यांविषयीची भूमिका

जातीचा प्रश्न शक्यतो आर्थिक बाजूने हाताळायचा आणि प्रांताची अस्मिता राष्ट्राच्या चौकटीत ठेवायची, ही महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण (१९१३–१९८४) यांच्या राजकारणाची धारणा होती. देवराष्ट्रे येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या यशवंतरावांच्या घरात सत्यशोधक विचार थोरल्या भावामुळे आला. पुढे काही काळ ते क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रभावाखाली होते. ब्राह्मणेतर चळवळीतला कडवेपणा मात्र त्यांनी घेतला नाही. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला, तेव्हाही ते काँग्रेसमध्येच राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांनी महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानले. त्याची किंमत पक्षाने १९५७ च्या निवडणुकीत मोजली. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्यात वाचले. राज्यस्थापनेच्या सुमारास ‘हे राज्य मराठी की मराठा?’ असा सवाल पत्रकार व कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी केला. राज्य मराठी जनतेचेच असेल, असे यशवंतरावांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सवाल अनाठायी नव्हता.

वर्गविषयक भूमिका त्यांच्या भाषणांपेक्षा निर्णयांत अधिक स्पष्ट दिसते. ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) या नावाने घरोघर पोचलेल्या फीमाफीत जात न पाहता पालकांचे उत्पन्न पाहिले जाई. त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आणि गरीब भिक्षुकाचा मुलगा एकाच सवलतीला पात्र ठरले. कमाल जमीनधारणेचा कायदा, सहकारी साखर कारखाने आणि १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा यांमागेही ग्रामीण बहुजनांच्या हाती सत्ता व भांडवल देण्याचा विचार होता. व्यवहारात या संस्थांवर बागायतदार मराठा घराण्यांचीच पकड बसली. बेरजेच्या, म्हणजे सर्वांना सोबत घेण्याच्या, राजकारणात विरोधक सामावले गेले, तशी गावातली जुनी उतरंडही बरीचशी सामावली गेली, असे म्हणावे लागते.

दलितांच्या बाबतीत मात्र केवळ उत्पन्नाचा निकष पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. महार वतनाविरुद्ध, म्हणजे गावाच्या वंशपरंपरागत सेवेला महारांना बांधून ठेवणाऱ्या पद्धतीविरुद्ध, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. ती वतने रद्द करणारा कायदा यशवंतरावांच्या कारकिर्दीत झाला. धर्मांतरामुळे सवलतींना मुकलेल्या नवबौद्धांना त्यांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या पुन्हा दिल्या. केंद्राने हे पाऊल १९९० मध्ये उचलले.