क्षयरोगाचा प्रसार

क्षयरोग (टीबी) हा ‘मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस’ या जिवाणूमुळे होणारा, मुख्यतः हवेतून पसरणारा रोग आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्याआधी एकाच घरातली माणसे एकापाठोपाठ दगावत, म्हणून हा रोग रक्तातून, म्हणजे आईबापांकडून वारशाने येतो असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात ती माणसे एकाच खोलीतली हवा घेत असत.

फुप्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा तोंडावाटे तुषार उडतात. मोठे थेंब लगेच जमिनीवर पडतात आणि त्यांचा फारसा धोका नसतो. बारीक थेंबांतले पाणी क्षणात सुकते आणि १ ते ५ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात. बंद खोलीत हे कण तासन्‌तास तरंगत राहतात व श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) पोचतात. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळांतून वर ठेवलेल्या गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांशी कसलाही संबंध न आलेल्या त्या प्राण्यांना संसर्ग झाला. अतिनील किरणांतून नेलेली हवा ज्यांना दिली, ते बचावले.

ताट-वाटी, तांब्या, अंथरूण, हातात हात घेणे किंवा एका पंगतीत जेवणे यांतून क्षय पसरत नाही. हाडाचा, गाठींचा किंवा आतड्याचा क्षय असेल आणि फुप्फुसे निरोगी असतील, तर तो रुग्णही सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. तरी घरात टीबी निघाला की आधी भांडी वेगळी होतात. सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या जुन्या माळवदी (मातीच्या सपाट छताच्या) घरांत माजघराला बहुधा खिडकी नसते. भर दुपारीही आत दिवा लागतो. आजारी सुनेचे ताट वेगळे ठेवायचे आणि तिला मुलांसह त्याच माजघरात निजवायचे, यात तिच्या वाट्याला अपमान येतो आणि मुलांचे रक्षण मात्र होत नाही. तिची खाट पडवीत किंवा खिडकीपाशी हलवणे कितीतरी मोलाचे. खेळत्या हवेत कण विरळ होतात आणि उन्हात जंतू मरतात.

मोकळ्या हवेवरचा विश्वास या मुलखाला जुना आहे. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ आरोग्यधाम काढले. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीतही क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तेव्हा रोगावर औषध नव्हते. थंड हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढ्यावरच मदार होती. औषधे आल्यानंतर १९५६ साली मद्रासमध्ये १९३ रुग्णांवर एक चाचणी सुरू झाली. काहींना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच गोळ्या दिल्या. दोन्हीकडे गुण जवळपास सारखाच आला आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागणही झाली नाही. रुग्णाला घराबाहेर काढण्याचे कारण तिथेच संपले.

संसर्ग झाला म्हणजे रोग झाला, असे नाही. बहुतेकांच्या शरीरात जंतू सुप्त राहतात. अशा व्यक्तीला लक्षणे नसतात आणि तिच्यापासून कोणाला लागणही होत नाही. यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, विडी-सिगारेट व दारू यांनी ही शक्यता वाढते. गोठ्यातल्या जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो. दूध उकळून पिण्याची आपली सवय इथे उपयोगी पडते.

सर्वांत जास्त प्रसार होतो तो निदानापूर्वी. उपचार न घेणारा रुग्ण वर्षभरात ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट किंवा बेडक्यातून रक्त असेल तर बेडक्याची तपासणी करावी; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. जंतू औषधाला दाद देणारे असतील, तर काही आठवड्यांत रुग्णाकडून होणारा प्रसार जवळपास थांबतो. गोळ्या मात्र सहा महिने घ्याव्याच लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या, तर औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि पुढे तेच इतरांना लागतात.

साखर कारखान्यांच्या हंगामात कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहणारे ऊसतोड मजूर, तसेच खानापूर-आटपाडीकडून परप्रांतात गेलेले गलाई (सोने-चांदी गाळणारे) कारागीर यांचे उपचार मुक्काम बदलताना तुटण्याची भीती असते. ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीमुळे रुग्णाचे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वर्ग करता येतात. त्यासाठी निघण्याआधी आशाताईंना किंवा दवाखान्यात कळवावे लागते. रुग्णासोबत राहणाऱ्या सर्वांची तपासणी होते आणि ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक औषध दिले जाते: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे.