डोंगरातला विहार आणि डोंगरातली पाठशाळा : कोरियातली ‘सा’ आणि ‘सॉवॉन’ ओळखायची कशी?

दक्षिण कोरियात सोबेक डोंगररांगेच्या पायथ्याशी यॉंगजू नावाचं शहर आहे. तिथे जाणारा प्रवासी बहुधा एकाच दिवसात दोन ठिकाणं उरकतो : बुसॉक्सा आणि सोसू सॉवॉन. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दोन्हीकडे काळ्या कौलांची, टोकाला वर उचललेली छपरं, जाड लाकडी खांब, दगडी जोती आणि भोवती झाडी. रात्री मोबाइलवर फोटो चाळताना कुठला फोटो कुठल्या ‘देवळाचा’ हेच आठवत नाही.

पण देऊळ त्यांतलं एकच आहे. बुसॉक्सा हा बौद्ध विहार, तिथे आजही भिक्खू राहतात. सोसू ही कन्फ्युशियन, म्हणजे चिनी तत्त्वज्ञ कन्फ्युशियसचा विचार मानणाऱ्या, पंडितांची निवासी पाठशाळा. तिथे देव नाही, मूर्ती नाही, होती ती फक्त विद्या आणि गुरूंची आठवण. हा फरक माहीत नसेल तर दोन्ही जागा अर्ध्याच दिसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नावापासून सुरुवात करू. ‘सा’ म्हणजे विहार आणि ‘सॉवॉन’ म्हणजे पाठशाळा, हा नियम बहुतेक वेळा चालतो. पण शेजारच्या आनदोंग शहराजवळच्या दोसान सॉवॉनच्या आत ‘सांगदॉक्सा’ अशी पाटी दिसते आणि माणूस चक्रावतो. ही ‘सा’ वेगळी. चिनी लिपीत तिचं अक्षरच निराळं आहे, अर्थ आहे स्मृतिमंदिर. कोरियन लिपीत मात्र दोन्ही सारखंच लिहितात.

रंगावरून ओळखावं म्हटलं तर तेही फसतं. विहारांवर हिरव्या-तांबड्या रंगांची नक्षी असते, तिला दानचॉंग म्हणतात, आणि पाठशाळेच्या खोल्या सहसा साध्या लाकडाच्या असतात. पण बुसॉक्साचं मुख्य मंदिर, मुर्यांगसुजॉन, इतकं जुनं आहे की त्याचा रंग कधीच उडून गेलाय. 1376 साली ते पुन्हा उभारलं, कोरियातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी ते एक. त्याच्या खांबांना हात लावून बघावा. ते सरळसोट नाहीत, मधे किंचित फुगीर आणि टोकांना निमुळते आहेत. लांबून ही फुगवटी कळत नाही, डोळ्यांना फक्त बरं वाटतं.

मराठी माणसाला विहारात शिरताना एक वेगळाच आनंद मिळतो, कारण नावं आपली निघतात. दाराशी चार दिशांचे चार राजे डोळे वटारून उभे असतात : धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष, वैश्रवण. वैश्रवण म्हणजे आपला कुबेरच. ‘मुर्यांगसू’ हे ‘अमितायुस’ या संस्कृत नावाचं भाषांतर, ज्याचं आयुष्य मोजता येत नाही तो; अमिताभ बुद्धाचंच हे दुसरं नाव. मंदिरासमोरच्या माडीचं नाव आन्यांगनू, आणि ‘आन्यांग’ म्हणजे सुखावती, अमिताभ बुद्धाचा पश्चिमेकडचा स्वर्ग. म्हणूनच आत गेल्यावर बुद्ध समोर दिसत नाही. दार दक्षिणेला, मूर्ती मात्र पश्चिमेच्या बाजूला बसून पूर्वेकडे बघते. हा विहार 676 साली सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या मुन्मू राजाच्या आज्ञेने उईसांग या भिक्खूने स्थापला. चीनमध्ये शिकून आलेला उईसांग अवतंसक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथाच्या परंपरेचा.

सोसूची गोष्ट त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी सुरू होते. 1543 मध्ये इथला अधिकारी जू सेबुंग याने आन ह्यांग या विद्वानाच्या स्मरणार्थ ही पाठशाळा काढली. आन ह्यांग (1243–1306) मूळचा याच भागातला. नव-कन्फ्युशियन विचार, म्हणजे कन्फ्युशियसच्या शिकवणीची पुढे चीनमध्ये झालेली नवी मांडणी, कोरियात आणण्याचं श्रेय त्याला देतात. पुढे प्रसिद्ध तत्त्वज्ञ ई ह्वांग इथे अधिकारी होऊन आला. हजार वॉनच्या नोटेवर ज्याचं चित्र असतं, तोच हा. त्याने दरबारी विनंती केली आणि 1550 मध्ये म्यॉंगजॉंग राजाने पाठशाळेला सनद दिली, सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेली नावाची पाटी. राजाची सनद मिळालेली ही कोरियातली पहिली पाठशाळा.

आता घोटाळ्याचं खरं मूळ सांगते, आणि माझ्या मते सोसूमध्ये बघण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. फाटकातून आत आल्यावर पाईनच्या झाडीत दोन उंच दगडी खांब समोरासमोर उभे दिसतात. बहुतेक लोक तिथून सरळ पुढे जातात. हे खांब पाठशाळेचे नाहीतच. विहारात सणासमारंभाला ध्वज उभारायचा, त्याची काठी अशा दोन खांबांमध्ये बसवत. इथे पूर्वी सुकसूसा नावाचा सिल्लाकालीन विहार होता, त्याची ही खूण. आन ह्यांग लहानपणी त्याच विहारात अभ्यासाला बसत असे, असं सांगतात. आणि झाडीपासून काही पावलांवर एक चौथरा आहे, पाठशाळेच्या गुरुपूजेला द्यायचा पशू तिथे उभा करून तपासत. ज्या आवारात अहिंसेचा ध्वज फडकायचा, तिथेच नंतर बळीचं जनावर पारखलं जाऊ लागलं. एका धर्माच्या जागी दुसरी व्यवस्था कशी येऊन बसली, हे इतक्या कमी अंतरात मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

हे घडलं त्याला कारण राजकारण. 1392 मध्ये आलेल्या जोसॉन राजवटीने कन्फ्युशियन विचार राजधर्म म्हणून स्वीकारला आणि बौद्ध धर्माला आवळलं. शहरांतले विहार बंद झाले, डोंगरातले टिकले. पंडितांनाही शहराच्या गडबडीपासून दूर, ओढ्याकाठची शांत जागा हवी होती. म्हणून दोघेही आज डोंगरात सापडतात, एक नाइलाजाने, दुसरा आवडीने. पाठशाळांवरही पुढे वेळ आली. त्या बेसुमार वाढल्या, जमिनी धरून बसल्या, कर चुकवू लागल्या. शेवटी 1871 मध्ये देशभरात फक्त 47 ठेवून बाकीच्या बंद करण्यात आल्या. सोसू त्या 47 मधली.

विहार असो की पाठशाळा, अनेक ठिकाणी उंच खांबांवरची मोकळी माडी असते, आणि तिथेही दिसणं सारखं, काम निराळं. बुसॉक्सात आन्यांगनूच्या खालून जाताना मान आपोआप वाकते. पायऱ्या चढून डोकं वर काढलं की समोर दगडी दीप आणि त्यामागे मंदिर. ही माडी तुम्हाला आतल्या बुद्धाकडे नेते. आनदोंगजवळच्या ब्यॉंगसान सॉवॉनमधली मान्देरू माडी उलट बाहेर बघते, नदीकडे आणि पलीकडच्या कड्याकडे. तिथे बसून विद्यार्थी कविता रचत, वाद घालत.

जेवणाचंही तसंच. विहारात मांस नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही हे ताट ओळखीचं वाटेल. पाठशाळेच्या वसंत आणि शरद ऋतूतल्या पूजेत मात्र कच्चं मांस आणि मद्य ठेवतात, समोर मूर्ती नसून नाव लिहिलेली लाकडी पट्टी असते.

वागण्याचे नियम थोडक्यात. विहाराच्या मंदिरात बूट काढून बाजूच्या दाराने आत जायचं, मधलं दार ज्येष्ठ भिक्खूंचं. पाठशाळेच्या तीन दारांच्या फाटकात पूर्वेच्या दाराने आत आणि पश्चिमेच्या दाराने बाहेर, मधलं दार गुरूंच्या आत्म्यांसाठी.

दोन्ही एका दिवसात करायचे असतील तर सकाळी सोसू करा, ओढ्यापलीकडच्या खडकावर कोरलेलं ‘ग्यॉंग’ हे लाल अक्षर बघा, त्याचा अर्थ ‘आदर’. बुसॉक्सा दुपारनंतर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. आन्यांगनूजवळून सोबेकच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जाताना दिसतात, आणि मग विहारातली वाद्यं सुरू होतात : जमिनीवरच्या प्राण्यांसाठी नगारा, पाण्यातल्यांसाठी लाकडी मासा, पाखरांसाठी ढगाच्या आकाराचा पत्रा आणि सगळ्या जिवांसाठी मोठी घंटा.