दाढेच्या इंजेक्शनातला सोडा: बफरिंगची पार्श्वभूमी

दाढेच्या भुलीच्या इंजेक्शनात टोचण्याआधी थोडा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) मिसळावा का, हा इथला प्रश्न. त्यातलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. ते मूळ रूपात पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून हायड्रोक्लोराइड या क्षाराच्या रूपात बाटलीत भरलं गेलं. रक्तस्राव कमी व्हावा आणि भूल टिकावी यासाठी त्यात अ‍ॅड्रेनालिन घातलं, पण अ‍ॅड्रेनालिनला आम्लच मानवतं. त्यामुळे द्रावणाचा सामू (pH) साडेतीनच्या आसपास ठेवावा लागला, म्हणजे संत्र्याच्या रसाइतका आंबट. हा आंबटपणा औषध फडताळात टिकावं म्हणून आला. टोचताना होणारी आग मात्र रुग्णाच्या वाट्याला आली.

भूल चढायला औषध चेतातंतूत शिरावं लागतं, आणि त्याच्या आवरणातून फक्त विद्युतभार नसलेले रेणू आत शिरतात. सामू ७.४ असताना लिग्नोकेनच्या साधारण चार रेणूंत एक तसा असतो. साडेतीनला पंचवीस हजारांत एखादा.

इथे ‘बफरिंग’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे. रसायनशास्त्रात बफर म्हणजे सामू जागेवर धरून ठेवणारं मिश्रण. दवाखान्यात मात्र सोडियम बायकार्बोनेट घालून सामू वर नेतात, त्याला बफरिंग म्हणतात. ‘आम्लारीकरण’ हे नाव जास्त प्रामाणिक ठरलं असतं. बफर केलेलं औषध स्थिर असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि घडतं नेमकं उलट. कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून निघून जातो, सामू आणखी चढतो, अ‍ॅड्रेनालिन खराब होऊ लागतं. मिसळलं की लगेच टोचायचं, हा नियम त्यातूनच आला. ब्युपिव्हॅकेन हे भुलीचं दुसरं औषध तर सोडा जरा जास्त झाला की गढूळ होतं.

सोडा घालण्याच्या विरोधकांचा मुद्दाही इथेच येतो: ऊतींतलं बायकार्बोनेट हे काम स्वतःच करतं, मग खटाटोप कशाला? करतं हे खरं, पण त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ आग होत राहते. पू झालेल्या, सुजलेल्या दाढेभोवती ऊती आधीच आम्लधर्मी असतात. तिथे शरीरावर भिस्त ठेवणं मला पटत नाही.

सोड्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९८०च्या दशकात त्वचेवरच्या टाक्यांसाठी ती पुन्हा वर आली आणि टोचतानाचं दुखणं कमी होतं हे वारंवार दिसलं. दंतवैद्यक मागे राहिलं, कारण औषध आधीच भरलेल्या १.८ मिलीच्या बंद काडतुसात (सिरिंजमध्ये बसवायच्या नळीत) सोडा घालायला जागाच नव्हती. २०१०च्या सुमारास अमेरिकेत काडतुसातच मिसळणारी साधनं आली. खालच्या जबड्याच्या ब्लॉकचे (चेतातंतूजवळ टोचून तो भाग बधिर करण्याचे) निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत: काही चाचण्यांत भूल लवकर चढली, काहींत फरक दिसला नाही. किडीने ठणकणाऱ्या दाढेसाठी औषधात सोडा घालूनही पहिला ब्लॉक अनेकदा अपुरा पडतो.

आपल्याकडे अनेक दवाखान्यांत ३० मिलीची बाटली आणि साधी सिरिंज वापरतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. प्रमाणाची आहे. दहा भाग औषधाला एक भाग सोडा हे परदेशी प्रमाण ८.४ टक्के सोड्याचं. इथल्या अँप्यूलवर बहुधा ७.५ टक्के छापलेलं असतं. शिवाय सोडा सिरिंजमध्येच घ्यायचा. बाटलीत घातला तर उरलेलं सगळं औषध वाया जातं.