चावीच्या घड्याळातली तारीख: मध्यरात्रीचा जादा भार

चावीच्या मनगटी घड्याळाला ऊर्जा मिळते ती दिवसातून एकदा, दोन बोटांच्या चिमटीतून. चावी देताना गुंडाळली गेलेली मुख्य स्प्रिंग पुढे साधारण ३६ ते ४५ तास हळूहळू सुटत राहते आणि घड्याळातल्या प्रत्येक चाकाला व काट्याला लागणारे बळ याच एका साठ्यातून जाते. अशा घड्याळाच्या तबकडीवरची तारखेची खिडकी दिसायला किरकोळ असली, तरी तिच्यामागची यंत्रणाही याच साठ्यातून उचल घेते, आणि जुन्या धाटणीच्या बहुतेक यंत्रांत ही उचल दिवसभर सारखी नसून मध्यरात्रीच्या आसपासच्या एक-दोन तासांत एकवटलेली असते. अशा घड्याळांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

आधी मुख्य वाट पाहू. स्प्रिंगच्या दातेरी डबीतून निघालेली गती चाकागणिक वाढत जाते. मधले चाक तासाला एक फेरा घेते, सेकंदाचे चाक मिनिटाला एक, आणि तासाला १८,००० ठोके देणाऱ्या जुन्या यंत्रात पंधरा दात्यांचे एस्केप चाक, म्हणजे गती ठोक्याठोक्याने सोडणारे शेवटचे चाक, दर सहा सेकंदांना एक. गती जितकी वाढते तितके बळ घटते. त्यामुळे शेवटच्या चाकापाशी पोहोचणारा रेटा अगदी नाजूक असतो आणि त्याच रेट्यावर तोलचक्राचे, म्हणजे मागे-पुढे झुलून ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या चाकाचे, झोके टिकून राहतात. झोक्यांना नियमितपणा देणारी केसासारखी सर्पिल स्प्रिंग क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ साली जाहीर केली. दिवसाला ४,३२,००० ठोके पडणाऱ्या या यंत्रात एका मिनिटाची चूक म्हणजे जेमतेम ०.०७ टक्के, हे लक्षात घेतले की दिवसाला मिनिटभर मागे पडणाऱ्या जुन्या घड्याळाला नावे ठेवण्याआधी आपण थोडे थांबतो.

तारखेची शाखा मात्र मधल्या चाकापासून उलट्या दिशेने, म्हणजे वेग कमी करत जाते. तासकाट्याचे चाक १२ तासांत एक फेरा घेते. त्याच्याशी जुळलेल्या दुप्पट दात्यांच्या चाकाला २४ तास लागतात आणि या चाकावर एक छोटे बोट असते. तबकडीखाली बसवलेल्या तारखेच्या वलयाला आतल्या बाजूने ३१ दाते असतात. बोट दिवसातून एकदा त्यांतल्या एका दात्याला गाठते आणि वलय सुमारे ११.६ अंशांनी पुढे ढकलते. एकतीस दिवसांत वलयाचा एक फेरा होतो, तोवर त्याच यंत्रातले एस्केप चाक ४,४६,४०० वेळा फिरून झालेले असते.

वलय हिसक्याने भलतीकडे सरकू नये म्हणून जंपर नावाची टोकदार पट्टी स्प्रिंगच्या दाबाने दोन दात्यांच्या खाचेत बसलेली असते. बोटाला वलयाबरोबर हा जंपरही खाचेतून वर उचलावा लागतो, आणि खरे काम तेच आहे. ते चालू असताना मधल्या चाकाकडचे काही बळ तारखेकडे वळते, एस्केप चाकाकडे कमी पोहोचते आणि तोलचक्राचा झोका थोडा आखडतो. स्प्रिंग भरलेली असताना हे जाणवतही नाही. परंतु सकाळी चावी दिली आणि दुसऱ्या दिवशी विसरले, तर दुसरी मध्यरात्र येते तेव्हा साठा संपत आलेला असतो. घड्याळ नेमके तिथेच थांबते आणि खिडकीत दोन तारखा अर्ध्या-अर्ध्या दिसतात. काही यंत्रांत हे टाळण्यासाठी वेगळी स्प्रिंग कित्येक तास थोडी-थोडी ताणून मध्यरात्री एकदम सोडतात, म्हणजे तारीख क्षणात बदलते. ऊर्जा तिथेही लागतेच, फक्त भार अधिक वेळात वाटला जातो. मला स्वतःला हळू सरकणारी तारीखच अधिक प्रामाणिक वाटते, कारण यंत्राची ओढाताण ती लपवत नाही.

याहून फसवी गोष्ट मिनिटकाट्याच्या नळीची आहे. ही नळी मधल्या आसावर नुसत्या घर्षणाने घट्ट बसलेली असते. म्हणून तर चाकांची साखळी न हलवता आपल्याला काटे फिरवता येतात. तारखेच्या शाखेला बळ मिळते तेही याच घर्षणातून. नळी झिजून सैल झाली की एरवी काटे ठीक चालतात, पण तारखेचा भार येताच नळी आसावर घसरते आणि घड्याळ रात्रीतून काही मिनिटे मागे पडते. तोलचक्र या वेळी बिनचूक ठोके देत असते. त्यामुळे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर असे घड्याळ निर्दोष ठरते आणि मनगटावर मात्र चुकत राहते.

ही यंत्रणा फक्त मोजते; महिना किती दिवसांचा किंवा बाहेर दिवस आहे की रात्र, हे तिला ठाऊक नसते. वर्षातले पाच महिने ३१ दिवसांपेक्षा लहान असल्याने वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे न्यावी लागते. ज्या घड्याळांत त्यासाठी चावीची वेगळी स्थिती असते, त्यांत साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ती वापरू नये, कारण तेव्हा बोट दात्यांत अडकलेले असू शकते आणि जबरदस्ती केल्यास बोट किंवा दाता मोडतो. बंद पडलेल्या घड्याळातले नऊ सकाळचे की रात्रीचे, हे तबकडी पाहून कळत नाही. म्हणून आधी काटे सहावर आणावेत, कारण दोन्हींपैकी कोणतेही सहा असले तरी बोट दात्यांपासून दूर असते, आणि मग कालची तारीख लावून काटे पुढे फिरवत न्यावेत. तारीख बदलली तिथे रात्रीचे बारा धरून आजची वेळ लावावी.