तपासणीच्या आदल्या रात्रीचं जेवण

आईची शुगर तपासायची तारीख जवळ आली की आमच्या घरातलं जेवण बदलायचं. दोन दिवस आधीपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा, आणि आदल्या रात्री अर्धी भाकरी नि पालेभाजी. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की लॅबखालच्या हॉटेलात गोड चहा. फास्टिंग ११८ आलं की ती खूश आणि आम्हीही निर्धास्त. मग एका वर्षी डॉक्टरांनी एचबीएवनसी ही मागच्या काही महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी लिहून दिली. ती आली ८.२ टक्के, म्हणजे बरीच जास्त. "रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल," आई म्हणाली.

अदलाबदल झाली नव्हती. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब हाती येतो. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन सॅम्युएल राहबर या संशोधकाला १९६८ साली तेहरानमध्ये दिसलं. आज ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते. ८.२ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी १८९च्या आसपास. दोन दिवसांच्या पथ्याने ती पुसली जात नाही.

या आकड्यालाही काही वेळा फसायला होतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे ती कमतरता किती बायकांना असते हे वेगळं सांगायला नको. असं काही असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालाच.

एवढा आटापिटा कशासाठी? टाइप २ मधुमेहावर ब्रिटनमध्ये १९७७ साली एक अभ्यास सुरू झाला आणि तो वीस वर्षं चालला. त्यात दिसलं की एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असेल, म्हणजे ८.२ऐवजी ७.२, तर डोळे, मूत्रपिंडं अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असतं. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून हे मी मुद्दाम सांगते. पायांतल्या संवेदनेच्या नसाही याच साखरेने बधिर होतात. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर टोचत राहतो आणि माणसाला कळत नाही. झोपण्यापूर्वी तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा.

फास्टिंग चांगली असताना आईची साखर चढत होती कधी? आम्ही ग्लुकोमीटर आणला आणि काही आठवडे जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहिलं. पोह्यांनंतर २४१. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर यांनंतर १६८. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर २९६. आईने चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं.

यात नवल नाही. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० असेल, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, तर सगळ्या रक्तात मिळून साखर होते फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, तंतू जवळजवळ नाहीत. ते पचून साखर होतं आणि भराभर रक्तात उतरतं. उपवासाचा पदार्थ म्हणून तो हलका, हा आपला समज या आजारात महागात पडतो. साखरेऐवजी गूळ हाही तसलाच समज. गुळातही बहुतेक साखरच.

जेवणातून आलेली ही साखर साठवायला शरीराकडे मुख्य कोठारं दोन, यकृत आणि स्नायू. त्यांतलं मोठं कोठार स्नायूंचं. इथे आपली एक अडचण आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे फोटो शेजारी-शेजारी छापून आले, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. आमची आईही बारीकच. "मला कुठून होणार शुगर," असं ती कित्येक वर्षं म्हणत होती.

पण स्नायूंची एक गोष्ट फार उपयोगाची आहे. स्नायू काम करत असले की साखर आत ओढणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट चालू राहते. म्हणून जेवणानंतर लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं चालावं. सकाळी तासभर फिरून उरलेला दिवस खुर्चीत काढणाऱ्यांना हे विशेष करून सांगावंसं वाटतं.

२९६ बघून आई घाबरली आणि पुढच्या एकादशीला तिने खिचडीच सोडली. नुसता चहा घेतला. गोळी मात्र नेमाने घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं तिला सांगितलेलं. दुपारी चारला ती ओट्याला धरून उभी होती. कपाळावर दरदरून घाम, हात थरथरत होते, आणि मला हाक मारायची म्हणून माझ्या मावशीचं नाव घेत होती. मोजली तर ५४.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. मधुमेहाचीच दुसरी गोळी मेटफॉर्मिन, नुसत्या तिने असं सहसा होत नाही. साखर ७०च्या खाली गेली की वाट बघायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शेजारच्या काकू पेढा घेऊन धावत आल्या होत्या, पण पेढ्यातलं तूप साखर रक्तात उतरायला वेळ लावतं, तेव्हा आधी साखरपाणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

त्यानंतर डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवसाची गोळी ठरवून घेतली. आषाढीला आईने वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतलं. जेवल्यावर ती विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत गेली, चप्पल मात्र गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत पायात, कारण फरशी तापलेली होती. घरी आल्यावर बोट टोचलं. १७४. तो आकडा तिने वहीत लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि पुढे कंसात लिहिलं, "भगर एकच वाटी".