फोटोत हळद फिक्की का पडली?

मावसभावाने यंदाची हळद शिजवली, वाळवली, पॉलिश करून घेतली आणि पोती सांगलीच्या मार्केट यार्डात न्यायच्या आधी तीन-चार फोटो अडत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. सकाळी उत्तर आलं, ‘माल फिक्का दिसतोय. मळकटपण वाटतोय. पावसात सापडला काय?’ भाऊ खवळला. फोटो मला पाठवले आणि मागोमाग फोन. “दादा, पाठवताना मी स्वतः बघितलं की! झक्क पिवळी होती. आता हा म्हणतोय फिक्की. भाव पाडायचा धंदा आहे सगळा.”

मी फोटो उघडले. हळकुंडं खरोखरच फिक्की होती. भिजवलेल्या हरभराडाळीवर धूळ बसावी तसा रंग. रविवारी गावी जाऊन ढीग बघितला, तर माल उत्तम. हळकुंड मोडलं की आत केशरी. म्हणजे अडत्याने जे दिसलं ते सांगितलं होतं, भावाने जे दिसलं ते पाठवलं होतं आणि हळद तर समोरच होती. तिघांत खोटं कोण?

संशयित अर्थातच कॅमेरा. पण त्याच्यावर आरोप ठेवण्याआधी त्याची अडचण समजून घेऊ. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळतच नाही. त्याला फक्त कळतं, किती उजेड पडला. मग प्रत्येक बारीक चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवायची आणि तिच्यातून किती उजेड आला ते मोजायचं. मूळ कल्पना जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1861 साली लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन छायाचित्रं एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखवलं होतं. सेन्सरवर या गाळण्यांची जी मांडणी आज बहुतेक फोनमध्ये आहे, तिचं पेटंट कोडॅकच्या ब्राइस बायर यांना 1976 साली मिळालं. चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. म्हणजे एका ठिकाणी तीनपैकी एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरलेले.

इथवर फारसं बिघडत नाही. खरी पंचाईत पुढे आहे. हळकुंडावरून कॅमेऱ्यात आलेला उजेड पिवळा आहे, पण तो हळद पिवळी असल्यामुळे, की तिच्यावर पडलेला उजेडच पिवळा असल्यामुळे? सेन्सरवर येणारा आकडा दोन्हीकडे सारखाच असू शकतो. आपल्या डोळ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून हिशेब आपोआप लावतो. दिवा गेला आणि मेणबत्ती लावली तरी ताटातला भात आपल्याला पांढराच दिसतो. खरं तर मेणबत्तीचा उजेड दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी तांबूस असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती 1900च्या आसपास, जुना पिवळा बल्ब 2700, दुपारचं ऊन साधारण 5500 आणि उघड्या आभाळाखालची सावली 7000च्या पुढे. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. मेंदूही कधी फसतो म्हणा. 2015 मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून घराघरात भांडणं लागली होती, निळा-काळा की पांढरा-सोनेरी. त्या फोटोत उजेड कसला हेच कळत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला उजेड गृहीत धरला.

फोनही तेच करतो, गृहीत धरतो. त्याचा सगळ्यात जुना ठोकताळा असा की, कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर राखाडी निघावा. राखाडीऐवजी पिवळट निघाला, तर उजेडच पिवळा असणार. मग तो निळं वाढवतो आणि तोल साधतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. अंगण, माणसं, झाडं, आभाळ असं मिश्र दृश्य असेल तर हा ठोकताळा बरा चालतो. नव्या फोनमधले ठोकताळे याहून हुशार आहेत, ते चेहरा आणि आभाळ ओळखतात. पण भावाने काय केलं होतं? माल नीट दिसावा म्हणून फोन ढिगाच्या तोंडाशी नेला आणि चारही कोपऱ्यांपर्यंत नुसती हळद भरली.

त्यात हळदीचा स्वभाव. तिच्यातलं कुर्कुमिन जांभळा-निळा उजेड गिळतं, 425 नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. लाल आणि हिरवा मात्र भरपूर परत फेकतं, म्हणून ती पिवळी. म्हणजे निळ्या चौकटींपाशी हळदीचा ढीग जवळजवळ अंधार असतो. ‘इथे निळं काहीच नाही, उजेडच पिवळा दिसतोय,’ असा निष्कर्ष काढून फोनने निळ्याची पातळी खेचून वर आणली. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचं अशा रीतीने चण्याच्या डाळीत रूपांतर झालं.

भावाचा विश्वास बसेना, म्हणून तिथेच करून दाखवलं. चार हळकुंडं सुपात घेतली, अंगणात ठेवली. पहिला फोटो नुसत्या हळकुंडांचा, अगदी जवळून. मग त्याच सुपाच्या कडेला नातवाच्या वहीचं कोरं पान ठेवलं, दोन पावलं मागे आलो आणि पान फोटोत येईल असा दुसरा काढला. दोन्ही फोटो शेजारी धरल्यावर भाऊ काही बोलला नाही, फक्त फोन माझ्या हातातून घेतला. पांढरं काहीतरी दिसलं की फोनला अंदाजाचा आधार मिळतो, एवढंच. पांढरं म्हणून मामांची टोपी मात्र ठेवू नका. नीळ आणि कपड्याच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्यं यांनी ती पांढऱ्याहूनही निळसर झालेली असते. कोऱ्या कागदातही ही चमक थोडी असतेच, पण कामापुरता तो चालतो.

रोजच माल दाखवायचा असेल, तर याहून चांगला उपाय आहे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे हाताने सेटिंग बदलायच्या सोयीत, ‘डब्ल्यूबी’ (व्हाइट बॅलन्स) असं लिहिलेलं असतं. तिथे सूर्याचं चित्र निवडायचं किंवा आकडा 5500वर नेऊन ठेवायचा आणि फोटो फक्त उन्हातच काढायचे. मग पहिल्या वक्कलाचा (मालाच्या गटाचा) आणि दहाव्या वक्कलाचा फोटो एकाच मापाने मोजला जातो. फोनचा अंदाज बंद, त्यामुळे चूकही बंद.

तासगावकडच्या बेदाणावाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. बेदाणा वाळवायच्या रॅकवर हिरवी शेडनेट. तिच्यातून येणाऱ्या उजेडात हिरवी छटा असते. फोन ती काढायला जातो आणि जरा जास्तच काढतो, की बेदाणा गुलाबट. कमी काढली, तर पिवळा बेदाणासुद्धा हिरवा. दुकानातल्या स्वस्त एलईडीखाली तर प्रो मोडचाही इलाज चालत नाही, कारण त्या उजेडात काही रंग मुळातच कमी असतात. जो रंग पडलाच नाही, तो बेदाणा परत कुठून फेकणार? रंगावर भाव ठरणाऱ्या वस्तूचा फोटो दुकानात काढूच नये, माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘मळकट’चं बघू. तो रंगाचा दोष नव्हता, उजेडाच्या हिशेबाचा होता. समोरची वस्तू मुळात पांढरी की काळी हे न कळता किती उजेड आत घ्यायचा हे कॅमेऱ्याला ठरवावं लागतं. तिथेही सरासरीच. पडलेल्या उजेडाच्या सुमारे 18 टक्के उजेड परत फेकणारा राखाडी रंग आपल्या नजरेला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटतो, म्हणून तो मधला धरायची छायाचित्रणातली जुनी रीत. परिणाम गोठ्यात जाऊन बघा. पांढऱ्याशुभ्र खिलार बैलाने चौकट भरली, तर फोन म्हणतो, ‘फारच उजेड झाला,’ आणि बैल राखेत लोळून आल्यासारखा येतो. शेजारच्या म्हशीला फोटोत भरा, ती विटक्या छत्रीसारखी करडी होते. पिवळाही उजळ रंग, त्यामुळे हळद बैलाच्या बाजूची. फोनने ती दाबली आणि मळवली.

इलाज बोटाच्या टोकाशी आहे. पडद्यावर वस्तूवर बोट टेकवलं की शेजारी छोटा सूर्य येतो. बैलासाठी तो जरा वर सरकवायचा, म्हशीसाठी खाली. उलटं वाटतं खरं, पण पांढऱ्याला उजेड वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा. बोट तसंच दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये कुलूप लागतं, मग बैलाने मान हलवली तरी हिशेब बदलत नाही. काही फोन हा सूर्य मागच्या वेळी सरकवला तिथेच ठेवतात. ‘कालपासून सगळे फोटो काळे येतायत’ अशी तक्रार घेऊन आलेल्या तीन जणांचं निदान मी एवढ्यावरच केलंय.

साताऱ्याहून कासला गेलेल्यांची रड तिसरीच असते. फुलं रंगीत येतात, पण धूसर. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं, वारा थांबत नाही, आणि माणूस फोन फुलाला टेकवतो. इथे थोडं गणित करू. फोनच्या भिंगाचं नाभीय अंतर 6 मिलिमीटर धरा. दूरचा डोंगर स्पष्ट दिसायला भिंग सेन्सरपासून 6 मिलिमीटरवर हवं. एक मीटरवरच्या माणसासाठी ते फक्त 0.04 मिलिमीटर पुढे सरकतं. पण 10 सेंटिमीटरवरच्या फुलासाठी 0.38 मिलिमीटर, जवळजवळ दहापट. म्हणजे वहीच्या चार पानांच्या जाडीएवढं. अख्खा डोंगर ते फूल हा प्रवास या चार पानांत आटोपतो, आणि त्यातला बहुतेक शेवटच्या वीतभर अंतरासाठी खर्ची पडतो. भिंग हलवणाऱ्या चुंबकी मोटरची झेप तिथे संपते. फुलाच्या आणखी जवळ जाल, तर ती काहीच करू शकत नाही. दुप्पट अंतरावर मागे या आणि दुप्पट झूम करा, फूल तेवढंच मोठं येतं आणि स्पष्ट येतं. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप दुसऱ्या भिंगावर उडी मारतात. पडद्यावरचं चित्र अचानक हललं की समजायचं.

कासची जांभळी फुलं फोटोत निळी होतात, हेही अनेकांनी पाहिलं असेल. डोळ्यातल्या लाल ओळखणाऱ्या पेशी जांभळ्या उजेडालाही थोड्या जाग्या होतात. सेन्सरवरची लाल काच तशी जागी होत नाही, शिवाय अवरक्त किरण अडवणारी गाळणी गडद लालाचा काही भाग खाते. जांभळ्यातला लाल गेला की उरतो निळा. यावर फोटो काढताना इलाज नाही. नंतर हाताने सुधारा, नाहीतर निळा म्हणून स्वीकारा.

मोटर खरंच बिघडली आहे का, हे कसं ओळखायचं? मागचं कव्हर काढा, विशेषतः चुंबकाचं असेल तर. चुंबकाने चालणाऱ्या मोटरशेजारी दुसरा चुंबक बसवला तर ती बावचळणारच. मग त्याच वस्तूचा फोटो दुसऱ्या भिंगाने काढा. तो स्पष्ट आणि मुख्य भिंगाचा जवळ-दूर सगळीकडे धूसर असेल, तर दोष मोटरीचा, सेटिंगमध्ये शोधत बसू नका. गाडीच्या हँडलला फोन अडकवून फिरणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमधून फोनपर्यंत पोचते आणि कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने 2021 मध्येच दिलाय. फोन हलवल्यावर येणाऱ्या बारीक खुळखुळीला मात्र घाबरू नका, बऱ्याच फोनमध्ये ती नेहमीचीच.

संध्याकाळच्या फोटोंत जो धूसरपणा असतो तो बहुतेक वेळा फोकसचा नसतोच. उजेड कमी, म्हणून फोन जास्त वेळ उजेड गोळा करतो, तेवढ्यात हात हलतो. पोत्याला कोपर टेकवा. ट्यूबखालच्या व्हिडिओत सरकणारे काळे पट्टे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचे. दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो आणि सेन्सर ओळी एकामागून एक वाचतो. सेटिंगमध्ये 60 असेल तर 50 करा. आणि हे सगळं करायच्या आधी भिंग पुसा. हळदीच्या हाताने धरलेल्या फोनच्या भिंगावर तेलकट पिवळा थर असतो, तो लेखात शेवटी आला असला तरी तक्रारींत पहिला आहे. धोतराच्या सोग्याने नको, चष्म्याच्या फडक्याने.

राहिला भाऊ. त्याला पाठवताना हळद झक्क पिवळी दिसली होती, हे त्याने तीनदा शपथेवर सांगितलं. मी विचारलं, फोटो पाठवले कधी? काढले पाच वाजता, पाठवले रात्री दहाला, अंथरुणात पडून. फोन हातात घेतला. डोळ्यांना त्रास नको म्हणून पोराने ‘आय कम्फर्ट’ लावून दिलेलं, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. या सोयीत पडद्यावरचा निळा रंग कमी होतो. कॅमेऱ्याने संध्याकाळी जेवढं निळं जास्त घातलं होतं, ते पडद्याने रात्री काढून टाकलं. म्हणून त्याच्या एकट्याच्याच पडद्यावर हळद बरोबर होती.

तो फोटो उघडून मी ते बटण एकदा चालू केलं, मग बंद केलं. हळद डोळ्यांदेखत पिवळी झाली आणि फिक्की पडली.

“आयला,” भाऊ म्हणाला, “म्हणजे अडत्याला मी उगाचच झापलं.”