पेपरोमियाचं पिंप

पेपरोमिया या जाड पानांच्या शोभेच्या झाडाची पहिली कुंडी मी जुलैत मारली. रोज सकाळी न चुकता पाणी घालून मारली. पानं मलूल दिसली म्हणून आणखी घातलं. शेवटी खोड बुंध्याशी बोट लावताच हातात आलं, त्याला कुजकट वास होता.

त्यातलं एक शाबूत पान दाढीच्या ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरलं, तेव्हा उलगडा झाला. कापात वरचा जाड थर काचेसारखा पारदर्शक, त्याखाली गडद हिरवी बारीक रेघ आणि तळाशी फिकट पोपटी भाग. हिरवी रेघ म्हणजे पानाचं स्वयंपाकघर आणि वरचा थर म्हणजे पाण्याचं पिंप. चाळीत नळाला पाणी असतं तेवढ्या वेळात पिंप भरून ठेवतात ना, अगदी तसंच.

पेपरोमिया ऑब्ट्युसिफोलिया ही जात फ्लोरिडा, मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. मिरी आणि नागवेल यांच्या कुळातली, उंदराच्या शेपटीसारखा तिचा फुलोरा पाहिला की नातं पटतं. रानात ती बऱ्याचदा मोठ्या झाडांच्या सालीवर वाढते. सालीवरचं पाणी पाऊस थांबताच निथळून जातं, म्हणून साठा पानातच. टंचाई आली की पारदर्शक पेशींच्या पातळ भिंती पेटीच्या भात्यासारख्या दुमडतात, पाणी हिरव्या थराकडे सरकतं आणि त्याचं काम चालू राहतं.

अशा झाडाला मुंबईचा उन्हाळा सोसतो, पावसाळाच जड जातो. हवा दमट असल्यामुळे पानांतून बाष्प फारसं उडत नाही, आभाळ भरलेलं म्हणून उजेडही बेताचा. झाड पाणी पीतच नाही आणि आपण ओततोय! ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. नर्सरीतून येणाऱ्या चिकट लाल मातीत मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाड तहानेने माना टाकतं. मी फसलो तो इथे.

आताची कुंडी चार इंची आहे. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडे विटेचे खडे. जागा पूर्वेच्या खिडकीत, ग्रिलच्या आत. टीव्हीशेजारी शोभेला ठेवू नका. प्रकाश लक्समध्ये मोजतात; बाहेर भर उन्हात तो लाखभर लक्स असतो, तोच खिडकीपासून दोन मीटर आत काही शेवर येतो आणि आपल्या डोळ्यांना हा फरक कळतही नाही. पाण्याचा वार ठरवलेला नाही. खालचं पान दोन बोटांत धरून हलकं वाकवायचं. ताठ लागलं तर परत फिरायचं. मऊ पडलं असेल आणि बोटभर खोल माती कोरडी असेल, तरच तांब्या उचलायचा.

पावसात कुंड्यांमध्ये न लावता उगवणारं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पानांचं, काचेसारख्या दांड्याचं एक नाजूक तण असतं. तेही पेपरोमियाच, पेल्युसिडा. उपटून टाकण्याआधी त्याची एक दांडी कापून लाल शाईच्या पाण्यात उभी करा. थोड्या वेळाने दांड्याच्या आतून लाल रेघा वर चढलेल्या दिसतात, भिंगाशिवाय.